विमानाच्या पोटाचे फोटो

आमच्या जिल्ह्यात विमान उतरत नाही, नुसतं वरून जातं. लहानपणी कापूस वेचताना आवाज आला की आई कमरेवर हात ठेवून वर बघायची. पांढरी रेघ दिसली की म्हणायची, "गेलं बघ." कुठून आलं आणि कुठं गेलं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मला ते कळलं परभणीला कॉलेजात आल्यावर. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पहिलं वर्ष मी मागच्या बाकावर बसून, कुणाला काही विचारावं की नको, या विचारातच घालवलं. त्या वर्षात मला एकच मित्र मिळाला आणि तो विमानांमुळे मिळाला.

त्याच्या वडिलांचा परभणीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत बापलेक दोघंही गावोगाव फोटो काढत फिरतात. एकदा प्रॅक्टिकल संपवून आम्ही मैदानात बसलो होतो. वरून विमान गेलं तसा त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. फोनवर नकाशा होता आणि नकाशावर एक पिवळं विमान मुंगीसारखं सरकत होतं. "हैदराबादहून दिल्लीला चाललंय," तो म्हणाला. मी वर पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. इतकी वर्षं आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या रेघेला गाव होतं, आणि ते कुणालाही बघता येत होतं. त्याच दिवशी मीही ते ॲप माझ्या फोनवर घेतलं.

पुढे आम्ही अधूनमधून रविवारी नांदेडला जायला लागलो. पॅसेंजरने जायचं, स्टेशनवरून रिक्षा, मग विमानतळाच्या भिंतीपासून बरंच लांब, मागच्या शेतांकडे चालत. तिथली विमानं कधी सुरू असायची, कधी बंद. सुरू असली तरी दिवसाला मोजकीच. एका विमानासाठी आम्ही हळदीच्या शेताच्या बांधावर कडुलिंबाखाली दुपारभर बसायचो. मित्राकडे वडिलांचा जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स असायची. "लेन्सला खरचटलं तर तुमच्या दोघांच्या लग्नात मोबाईलवर फोटो काढीन," असं त्याच्या वडिलांनी आम्हाला बजावलं होतं.

विमान उतरायला येतं तेव्हा आधी आवाज येत नाही. आधी दिवा दिसतो, भर दुपारीसुद्धा. तो जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो. मग एकाएकी त्याला पंख फुटतात, चाकं दिसतात आणि विमानाचं पोट डोक्यावरून जातं. त्या पोटाला शिवणी असतात, तेलाचे ओघळ असतात, पंखाखाली मोठी अक्षरं असतात. माझा मित्र तेवढ्यात धडाधड फोटो काढायचा. मला मात्र प्रत्येक वेळी खाली बसावंसं वाटायचं. आनंद व्हायचा, पण तो भीतीला धरूनच यायचा.

एका रविवारी मोटारसायकलवरून एक पोलीस आले आणि बांधाजवळ थांबले.

"काय शूटिंग चालू हाय?"

"साहेब, विमानाचे फोटो काढतोय," मित्र म्हणाला.

"कामून?"

का, असं आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मित्र हळूच म्हणाला, "आवडतंय, साहेब."

त्यांनी आमची ओळखपत्रं पाहिली, कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. भिंतीचा किंवा आतल्या इमारतीचा एकही फोटो नव्हता. मित्र त्या बाबतीत फार जपायचा. ओळखपत्रं परत देताना त्यांनी मला विचारलं, "आईबाप काय करतेत?"

"शेती हाय थोडी. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातेत."

"मंग नीट शिक. एकदा ठाण्यात नाव लागलं की नोकरीच्या टायमाला व्हेरिफिकेशनमधी लफडं होतंय." ते रागावून बोलले नाहीत, उलट घरच्यासारखं बोलले. म्हणूनच मला ते जास्त लागलं. ते गेल्यावर मित्र हसला आणि लेन्स पुसायला लागला. मी मात्र परतीच्या गाडीत पूर्णा स्टेशन येईपर्यंत खिशातलं ओळखपत्र चाचपत होतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे ड्रोनची भीती पसरली. अंधार पडला की गावावरून दिवे फिरतात, घरांची टेहळणी करतात आणि मग चोर येतात, असं सगळे म्हणायला लागले. चोरी नक्की कुठं झाली हे कुणी सांगत नव्हतं, पण ती प्रत्येकाच्या पाहुण्याच्या गावात झालेली होती. मोबाईलवर व्हिडिओ फिरायचे: काळं आकाश, त्यात लुकलुकणारा दिवा आणि मागून बायांचा आरडाओरडा. गावोगाव पोरं काठ्या, शिट्ट्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालायला लागली. अनोळखी माणूस दिसला की त्याला आधी अडवायचं, विचारायचं नंतर. ताडकळसच्या बाजारला गेलेल्या बाया दिवस मावळायच्या आत घरी यायला धडपडायच्या.

पोळ्याला मी गावी आलो होतो. मित्र दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर येणार होता. पुरणपोळी खायची आणि आमच्या माळावरून विमानांच्या रेघांचे फोटो काढायचे, असं आमचं ठरलं होतं. गावाचं हे सगळं वातावरण मी त्याला नीट सांगितलं नव्हतं, कारण येईपर्यंत मलाच त्याची कल्पना नव्हती.

पोळ्याची अमावस्या असते. बैलं मिरवून झाली, दिवस मावळला आणि आकाश बघता बघता काळं झालं. लोक मारुतीच्या पारावर बसले होते. तेवढ्यात पूर्वेकडून एक दिवा लुकलुकत वर आला. कुणीतरी शिट्टी फुंकली. एका बाईने दारातलं लेकरू उचलून आत नेलं. मला राहवलं नाही.

"तात्या, ते इमान हाय," मी म्हणालो. तात्या म्हणजे आमचे शेजारी. गस्तीची सगळी पोरं त्यांच्या शब्दात होती.

"तुला काय म्हाईत?"

मी फोन दाखवला. नकाशावरचं पिवळं विमान नेमकं आमच्या गावाच्या अंगाने सरकत होतं. माणसं वाकून वाकून बघायला लागली. कुणाच्या तरी तोंडून मोठा श्वास सुटला.

"बरं झालं बाप्पा, तू कालेजला गेलास," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मंग पुढचं कवा हाय? एसटीवानी तासभर बसवतंय का टायमावर येतंय?" सगळे हसले. मीही हसलो. गावाने माझं ऐकावं असं पहिल्यांदाच घडत होतं.

"चार-पाच मिनिटांत येईल. जिंतूरच्या अंगानं."

ते आलं. मी त्याच्या पुढचंही सांगितलं. तेही आलं. पण तोवर हसणं थांबलं होतं आणि माझ्या भोवतीची माणसं जराशी मागे सरकली होती.

"तू म्हणलास की येतंय," तात्या म्हणाले.

"मी म्हणलो म्हणून न्हाई, तात्या. ते येणारच असतंय."

"आधी तुझ्या फोनात दिसतंय, मंग वरी दिसतंय. हाव का न्हाई?"

"हाव, पण..."

"मंग बोलावतंय कोण?"

मला वाटलं ते चेष्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. आणि त्याच वेळी दक्षिणेकडून आणखी एक दिवा आला, जरा खालून, बिनआवाजाचा. मी फोनवर पाहिलं. नकाशा रिकामा होता.

"हे कुठलं?"

"हे... फोनवर न्हाई दिसायलं," मी म्हणालो. "काही काही इमानं ह्यात दिसत न्हाईत."

"म्हंजी लपवलेली बी हायत," मागून कुणीतरी म्हणालं.

मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. ते माझे वडील होते. त्यांनी मला तसंच घरापर्यंत आणलं, माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला, पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

"उद्या सांजंपर्यंत हात लावायचा न्हाई."

"पण माझा मित्र येणार हाय सकाळी. त्याला येऊ नको म्हणून सांगू द्या. कॅमेरा घेऊन येणार हाय तो."

"आत्ता फोनवर बोलताना दिसलास तर घरात घुसतेल," वडील म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मुकादमासमोर, तलाठ्यासमोर मी तो आवाज ऐकला होता, घरात कधी ऐकला नव्हता. आई चुलीजवळ उभी होती. ती म्हणाली, "त्याचं ऐक, बाळा." बाहेर पोरांच्या बॅटऱ्यांचा उजेड आमच्या भिंतीवरून दोनदा फिरून गेला.

सकाळी जाग आली तेव्हा वडील बैल घेऊन रानात गेले होते, किल्लीसकट. आईचा फोन होता, पण मित्राचा नंबर मला पाठ नव्हता. एकच गोष्ट करण्यासारखी होती. तो फाट्यावर यायच्या आधी आपण फाट्यावर जाऊन थांबायचं, म्हणजे तो कुणाच्या हाती एकटा सापडणार नाही. मी चहा न पिताच निघालो. गाव ते फाटा हा रस्ता मी हजारदा चाललो असेन. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या सोयाबीनमध्ये जरा काही हललं तरी मी दचकत होतो. अर्ध्या वाटेवर असताना फाट्याकडून शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. मी पळायला लागलो.

पोरांनी रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला होता. माणसांच्या पाठींमधून मला आधी त्याचं हेल्मेट दिसलं. ते काढायलाही त्याला कुणी वेळ दिला नव्हता. त्याचे दोन्ही हात वर होते. बॅग रस्त्यावर उघडी पडली होती आणि एकजण लेन्स उलटी धरून तिच्यातून माझ्या गावाकडे बघत होता.

"घरात कोण कुठं निजलंय ते समदं दिसत असंल ह्यातून."

"दादा, पाडू नका तेवढी," मित्र म्हणत होता. "वडलांची हाय."

"कुणाकडं चाललास?" तात्यांनी विचारलं.

त्याने माझं नाव घेतलं.

सगळे एकदम बोलायला लागले. "त्याच्याकडंच का? ज्याच्या फोनात येतेत त्याच्याकडं?" "काल त्यानं दिवे बोलावले, आज हे मशीन घेऊन आलं!"

मला अजून कुणी पाहिलं नव्हतं. मी ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकामागे होतो. 'हा माझा मित्र आहे' हे एकच वाक्य घेऊन मी तिथवर पळत आलो होतो, आणि आता तेच वाक्य त्याला सगळ्यात महागात पडणार होतं. न बोलावं तर तो एकटा होता. मी चाकामागून पुढे आलो आणि तो माझा मित्र आहे, माझ्याच कॉलेजात शिकतो, असं म्हणालो. माझा आवाजही काल रात्रीच्या वडिलांसारखा बारीक निघाला.

"आलं बघा दुसरं," कुणीतरी म्हणालं आणि मला खांद्याला धरून त्याच्या शेजारी ढकललं.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मला बघून बरं वाटल्याचं त्याच्या नजरेत दिसत नव्हतं. तिथं एकच प्रश्न होता, हे काय चाललंय?

एका पोराने कॅमेरा सुरू केला आणि फोटो पुढे पुढे सरकवायला लागला. नांदेडची विमानं होती सगळी. पोटं, चाकं, पंखांच्या टोकाचे लाल आणि हिरवे दिवे.

"ह्यो बघा ड्रोन! खालून काढलाय!"

"ते इमान हाय, दादा. नांदेडला उतरतंय ते."

"येडं समजतूस का? इमान इतकं मोठं असतंय व्हय? इमान वरी असतंय."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या गावाने विमान नेहमी नखाएवढंच पाहिलं होतं. विमानाचं पोट तिथल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. नांदेडच्या बांधावर बसण्याआधी मी तरी कुठं पाहिलं होतं? मागून एक काठी पुढे आली आणि मित्राच्या हेल्मेटवर टकटक वाजली, अगदी हळू, पण त्या आवाजाने तो खाली बसला. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना फोन लावा. दुसरं कुणी म्हणालं, आधी आपण इचारू, मंग पोलीस. ज्या ठाण्यात नाव लागायची मला इतके दिवस धास्ती होती, त्या ठाण्याची गाडी आत्ता यावी, असं मला मनापासून वाटलं.

फोटो सरकवणारं पोरगं एकाएकी थांबलं. विमानं संपली होती. पुढे मांडव होता, हळद लावलेली नवरी होती.

बाजारला जायला निघालेल्या आमच्या गावातल्या एक आत्या रिक्षाची वाट बघत थांबल्या होत्या. गावात लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणतात. इतका वेळ त्या पिशवी धरून कडेला उभ्या होत्या. काय दिसतंय म्हणून त्यांनी मान पुढे घातली आणि ओरडल्या, "अगं माय! ही तर मपली भाची! झरी गावचं लगन हे!"

"कुठं, आत्या?"

"हे काय, हिथं मी बसलेय की खुर्चीवर! डोळे फुटले का तुमचे?" त्या घोळक्यात घुसल्या आणि मित्राच्या हेल्मेटमध्ये वाकून बघायला लागल्या. "काढ रे बाबा ते डबडं." त्याने पट्टा सोडून हेल्मेट काढलं. "हाच! ह्यानंच मला खुर्चीवर बसवून फोटू काढला. समदी पंगत उठोस्तर हे लेकरू जेवलं नव्हतं. शेवटाला भात तेवढा राहिलता, तो खाऊन गेलं. अन् तुमी त्याला चोर करायलाव?"

"आत्या, ह्याच्यात ड्रोन हायत."

"असतेल! लगन बी हाय की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हातातल्या काठ्या खाली आल्या. आत्यांनी लेन्स धरलेल्या पोराला नावाने हाक मारून ती बॅगेत ठेवायला लावली. मला वाटलं, सुटलो. पण तात्यांचं समाधान झालं नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या घरात दोन लहान नाती आहेत आणि दहा दिवसांत ते धड झोपलेले नव्हते.

"लगनाचे राहू द्या," ते म्हणाले. "बाकीचे पुसा. आमच्या म्होरं पुसा, मंग जा."

मित्राने कॅमेरा हातात घेतला, पण पुसायचं बटण काही दाबलं नाही. मग मी कॅमेरा घेतला. प्रत्येक फोटोला कॅमेरा विचारायचा, पुसायचा का? मी हो म्हणायचो. तात्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. रविवारमागून रविवार जात होते. मध्येच एका फोटोवर ते म्हणाले, "हे चाक हाय का?"

"हाव, तात्या."

ते जरा वेळ बघत राहिले. "लय मोठं हाय की." मग म्हणाले, "पूस."

मी मित्राच्या मागे बसून ताडकळसपर्यंत गेलो, वाटेत पुन्हा कुणी अडवू नये म्हणून. बसस्टँडजवळ त्याने गाडी थांबवली, बॅग उघडून लेन्स उजेडात फिरवून पाहिली. "खरचटलं नाही," तो म्हणाला. तेवढंच. मग तो परभणीकडे निघून गेला आणि मी रिक्षाने परत आलो. आईने त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

"आलं न्हाई का लेकरू?"

"आलता. गेला."

संध्याकाळी वडील रानातून आले. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी पेटी उघडली आणि फोन माझ्या हातात दिला. "इचार त्याला, घरी पोचला का," ते म्हणाले. तो पोचला होता.

ड्रोनची भीती पुढे हळूहळू ओसरली. कधी ओसरली ते सांगता येणार नाही. लोक झोपायला लागले एवढंच. कॉलेजात आम्ही पुन्हा शेजारी बसायला लागलो. त्या सकाळबद्दल त्याने मला एकदाही टोचून विचारलं नाही. मात्र मैदानात बसलेलो असताना वरून विमान गेलं, तर मी वर बघायचो आणि तो वहीत बघायचा.

दसऱ्यानंतर आईवडील उसाला गेले. थंडीत एका रविवारी तो आपणहून म्हणाला, "चल, नांदेडला जाऊ." आम्ही त्याच बांधावर, त्याच लिंबाखाली जाऊन बसलो. हळदीची पानं पिवळी पडून वाळायला लागली होती. लांबवर दिवा दिसला तसा त्याने गळ्यातला कॅमेरा काढून माझ्याकडे दिला.

"तू काढ."

"मला नीट येत नाही."

"काढ," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

दिव्याला पंख फुटले, चाकं दिसली. मी बटण दाबत राहिलो. पोट डोक्यावरून गेलं तेव्हा लिंबाची पानं हलली, पण त्याने मान वळवली नाही. आवाज विरल्यावर मी कॅमेऱ्यात पाहिलं. सगळे फोटो हललेले होते.

"गेलं का?" त्याने विचारलं.

"गेलं. तिकडून कोणी येतंय का?"

"अजून नाही," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला.